अंग बाहेर येणे : आधार ढळलेल्या रुग्णेची दीर्घकालीन व्यवस्था

ज्या व्याधींचा उच्चार रुग्णा वैद्यापुढे सर्वांत शेवटी करते, त्यांत योनिभ्रंशाचा क्रम फार वरचा आहे. कंबर दुखते, लघवी पूर्ण होत नाही, शौचास कुंथावे लागते, एवढे सांगून ती औषध घेऊन जाते. 'अंग बाहेर येते' हे शब्द पुष्कळदा कित्येक वर्षे मनातच राहतात. वैद्याने विचारले नाही तर ते तसेच राहतात. या व्याधीचे स्वरूप, तिची मर्यादा आणि रुग्णेस तिच्यासह सुखाने वावरता येईल अशी व्यवस्था, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हे मौन किती खोल असते याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले; पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास सर्व स्त्रीरोगांविषयी होता. परंतु तक्रार आली नाही म्हणून व्याधी नाही असे मानू नये, हा त्यातील धडा योनिभ्रंशास तंतोतंत लागू पडतो.

गडचिरोलीचे खेडे आणि वसई तालुक्यातील आमचे तुळिंज यांत अंतर फार असले, तरी या बाबतीत फरक थोडा. नालासोपारा पूर्वेच्या या दाट वस्तीत चाळी आहेत, उद्वाहन नसलेल्या चार मजली इमारती आहेत, लहान कारखान्यांचे गाळे आहेत. पाण्याचे हंडे व कॅन जिन्यावरून चढविणे, गाळ्यात दिवसभर उकिडवे बसणे किंवा उभे राहणे, विरार लोकलच्या गर्दीत लघवीचा वेग तास-दीड तास धरून ठेवणे आणि बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा कामास लागणे, हा येथील अनेक स्त्रियांचा नित्यक्रम होय. निदानपंचकातील 'हेतू' शोधण्यास ग्रंथ उघडण्यापूर्वी हा दिनक्रम विचारावा.

शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन केले असून वातावाचून योनी दूषित होत नाही असा सिद्धांत मांडला आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात प्रस्रंसिनीचे वर्णन करताना क्षोभाने होणारा भ्रंश आणि कष्टप्रसूती यांचा संबंध सांगितला. महायोनी अथवा महती आणि भावप्रकाशातील अंडिनी यांची लक्षणेही आजच्या या व्याधीच्या निरनिराळ्या अवस्थांशी जुळतात. मात्र एकास एक असे समीकरण मांडण्याचा आग्रह धरू नये.

चिकित्सेतील दोन सूचना विशेष मननीय आहेत. स्थानापासून ढळलेली योनी स्त्रीला शल्यासारखी होते, म्हणून स्नेहन-स्वेदन करून ती हाताने पूर्वस्थानी न्यावी, असे चरक सांगतात. सुश्रुत प्रस्रंसिनीत घृताचा अभ्यंग, दुधाच्या वाफेने स्वेदन, नंतर आत प्रवेशन, वेशवाराने आच्छादन आणि बंध असा क्रम देतात. या दोन्ही ठिकाणी उद्दिष्ट एकच आहे: ढळलेल्या अवयवास जागेवर आणणे व तेथे धरून ठेवणे. तो अवयव काढून टाकणे हे नव्हे, आणि पोटात घेतलेल्या औषधाने तो आपोआप वर सरकेल असेही नव्हे.

आधुनिक शरीररचनाशास्त्र हेच निराळ्या शब्दांत सांगते. गर्भाशय, मूत्राशय व गुद यांना खालून कटितलाच्या स्नायूंचा आणि वरून-बाजूंनी स्नायुबंध व प्रावरणी यांचा आधार असतो. कष्टप्रसूतीत हा आधार ताणला वा फाटला जातो. वय, रजोनिवृत्ती, स्थौल्य, जुनाट कास, मलावरोध व भारवहन यांनी तो अधिक ढिला होतो. म्हणजे दोष आधाराचा आहे. गर्भाशय हा त्या दोषाचा बळी आहे.

परीक्षण

चाळिशीनंतरच्या आणि बहुप्रसवा स्त्रीस एक प्रश्न अवश्य विचारावा: "खाली काही उतरल्यासारखे, अडकल्यासारखे वाटते का? सायंकाळी ते वाढते का?" स्त्री वैद्या वा परिचारिका उपस्थित असावी. रुग्णेस झोपवून, शक्य तर उभी करूनही, खोकण्यास व कुंथण्यास सांगून पाहावे.

१९९६ पासून प्रचलित असलेल्या मोजणीत योनिद्वारावरील पडदा ही सीमारेषा मानतात. खाली आलेला भाग त्या रेषेच्या एक सेंटिमीटरहून अधिक वर असेल तर पहिली अवस्था. रेषेच्या वर-खाली एक सेंटिमीटरच्या आत असेल तर दुसरी. त्याहून बाहेर असेल तर तिसरी. आणि संपूर्ण बाहेर आला असेल तर चौथी. पुढची भिंत उतरली की मूत्राची लक्षणे, मागची उतरली की मलाची लक्षणे अधिक दिसतात. पहिल्या अवस्थेतील पुष्कळ स्त्रियांना कोणताच त्रास नसतो. त्यांना घाबरवू नये.

पुढील लक्षणे आढळल्यास विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे: मूत्र तुंबणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे, त्यावर व्रण होणे, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, दुर्गंधी स्राव. चौथ्या अवस्थेत मूत्रवाहिन्यांवर ताण येऊन वृक्कास सूज येऊ शकते, हेही ध्यानात असावे.

व्यवस्था

प्रथम स्थान व्यायामास द्यावे. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसृत केलेला कटितलाच्या स्नायूंचा व्यायाम आपल्याकडील अश्विनी मुद्रा व मूलबंध यांच्या जवळचा आहे. वात व मूत्र एकाच वेळी अडवावे तसे आत व वर आकुंचन करावयाचे. श्वास रोखावयाचा नाही, पोट व मांड्या आवळावयाच्या नाहीत. प्रारंभी तीन-चार सेकंद, पुढे दहा सेकंदांपर्यंत धरावे व तितकाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी व हंडा उचलण्यापूर्वी हेच आकुंचन करण्याची सवय लावावी. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांच्या अभ्यासात, प्रत्येकीस स्वतंत्रपणे शिकविलेल्या या व्यायामाने वर्षअखेर लक्षणे कमी झाल्याचे दिसले. 'शिकविलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. कागद हातात देऊन भागत नाही; बरोबर आकुंचन होते की नाही हे तपासावे लागते आणि निदान चार महिने सातत्य लागते. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत याचा विशेष उपयोग होतो. जोरकस कपालभाती व भस्त्रिका मात्र या रुग्णेस वर्ज्य सांगाव्यात, कारण त्यांनी उदरातील दाब वाढतो.

दुसरे स्थान अपानाच्या अनुलोमनास. कुंथणे थांबविल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. त्रिफळा, गंधर्वहरीतकी, इसबगोल, पुरेसे पाणी व तंतुमय आहार यांची योजना प्रकृतीनुसार करावी. मात्राबस्तीचा विचार करावा. कास असेल तर त्याची चिकित्सा प्रथम करावी. वमनकर्मातील उमाळ्यांचा ताण या रुग्णेस अहितकर ठरू शकतो, म्हणून ते टाळणे श्रेयस्कर. सूतिकावस्थेत पोट अतिघट्ट आवळण्याची रूढीही विचारपूर्वक मर्यादित करावी. वरून दाबलेला भार खालच्या दुर्बल आधारावरच येतो.

तिसरे, स्थानिक स्नेहन. रजोनिवृत्तीनंतरच्या रूक्षतेत बलातैलादींचा पिचू आराम देतो. कापूस निर्जंतुक व दोरा बांधलेला असावा, ठरलेल्या वेळी तो काढला जावा आणि व्रण असेल तेथे निदानापूर्वी पिचू ठेवू नये. पिचूने रूक्षता व दाह कमी होतो. अवस्था बदलत नाही. रुग्णेस हे स्पष्ट सांगावे.

चौथे, रिंग पेसरी. सुश्रुतांच्या 'प्रवेशन व बंध' या कल्पनेशी आजच्या साधनांत सर्वांत जवळचे हेच. योग्य मापाची रिंग बसविल्यावर रुग्णेस ती जाणवू नये. चालून, खोकून, उकिडवे बसून ती निसटू नये आणि लघवी मोकळी व्हावी. ही तिन्ही लक्षणे पाहिल्याखेरीज रुग्णेस घरी पाठवू नये. जी स्वतः रिंग काढू शकत नाही तिची रिंग निदान सहा महिन्यांनी काढून, धुऊन, योनीची तपासणी करून पुन्हा बसवावी. शक्य असेल तिला स्वतः काढण्या-घालण्यास शिकवावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ३४० स्त्रियांच्या अभ्यासात असे शिकलेल्या स्त्रियांचे जीवनमान इतरांइतकेच चांगले राहिले व उपद्रव कमी झाले. रिंग विसरणे हाच मोठा धोका आहे: वर्षानुवर्षे राहिलेली रिंग मांसात रुतते, व्रण व क्वचित भगंदरासारखी नाडी निर्माण करते. रिंग व पिचू एकाच वेळी ठेवू नयेत.

शस्त्रक्रियेविषयी

व्यायाम व रिंग यांनी समाधान न झालेल्या, किंवा प्रथमपासूनच शस्त्रक्रिया हवी असलेल्या रुग्णेस ती नाकारू नये. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे गर्भाशय काढणेच, असा समज समाजात दृढ आहे. तो खोडावयास हवा. गोव्यात जन्मलेले व मुंबईत कार्य केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगास माहीत आहेत. गर्भाशय राखून त्यास वरून आधार देण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी व मुंबईच्या पुरंदरे यांनी प्रचारात आणल्या. तरुण रुग्णांमध्ये त्यांचे महत्त्व मोठे आहे. केवळ गर्भाशय काढून आधार पुन्हा बांधला नाही, तर पुढे योनीचा माथाच खाली येतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या, कमी वयात झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे अशा तक्रारींवरही हा शेवटचा उपाय पहिला म्हणून केला जात होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने योनिमार्गे बसवावयाच्या जाळीची या व्याधीसाठीची विक्री थांबविली. रुग्णेस पाठविताना चिठ्ठीवर अवस्था, वय, अपत्येच्छा व केलेले उपचार लिहावेत, म्हणजे तिला पर्याय विचारता येतील.

औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

या व्याधीत औषधालयाचा वाटा वैद्याइतकाच आहे. रिंग मिलिमीटरच्या मापाने मिळते. एकच माप ठेवून तेच सर्वांना देणे योग्य नव्हे. परिसरातील तज्ज्ञांना विचारून दोन-चार प्रचलित मापे ठेवावीत. विक्री करताना माप व तारीख लिहिलेले कार्ड द्यावे आणि सहा महिन्यांनी तपासणीची आठवण करून द्यावी. रिंग आणण्यास बहुधा नवरा किंवा मुलगा येतो. ती कागदात गुंडाळून, प्रश्न न वाढविता द्यावी. इस्ट्रोजेनचे मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये.

'योनिसंकोचक' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुरटी व मायफळाच्या वटी व लेप यांबाबत विशेष सावधगिरी हवी. ती श्लेष्मल त्वचेस आकुंचित करतात, स्नायूंना व बंधांना नव्हे. रूक्ष योनीत त्यांनी दाह व व्रण होऊ शकतो. गर्भाशयाचे विकार बरे करण्याच्या दाव्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्यान्वये मनाई आहे, हेही दुकानातील फलक लावताना स्मरावे.

समारोप

समजा, तुळिंजच्या चाळीतील पन्नाशीची स्त्री दुसऱ्या अवस्थेत आपल्याकडे आली. तिला मुंबईच्या नायर रुग्णालयात एकदा रिंग बसवून घेता येईल. दर वेळी रोजगार बुडवून तेथे जाणे तिला परवडणार नाही. तिचा व्यायाम तपासणारा, मलावरोध सांभाळणारा, रिंगची तारीख लक्षात ठेवणारा वैद्य तिच्या गल्लीतच हवा. हंडा अर्धा भरा व दोन खेपा करा, लघवी रोखू नका, हे सुनेसमोर व नवऱ्यासमोर सांगणाराही तोच हवा. व्याधी पूर्ण नाहीशी होईल असे आश्वासन आपण देऊ शकत नाही. पण तिला काम करता येईल, प्रवास करता येईल, संसार करता येईल आणि नको असलेली शस्त्रक्रिया टळेल, इतके आपल्या हातात निश्चित आहे. त्याची सुरुवात एका प्रश्नाने होते. तो आपण विचारला पाहिजे.