सात मीटरची लहर, फूटभराची पेटी

सेकंदाला ५० कंपनांचा, म्हणजे ५० हर्ट्झचा खोल स्वर हवेतून निघतो तेव्हा त्याची एकेक लहर सुमारे ७ मीटर लांब असते. दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतही नाही. झांजेच्या किणकिणाटातला १० हजार हर्ट्झचा अंश मात्र साडेतीन सेंटिमीटरच्या लहरींनी येतो. एक फूट उंचीची लाकडी पेटी या दोन्ही लहरी एकाच क्षणी, एकमेकींना न बिघडवता हवेत सोडते. अशा दोन पेट्या समोर ठेवल्या आणि डोळे मिटले, की गवई दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत बसलेला ऐकू येतो. तिथे तर काहीच नसतं! हे कसं घडतं ते समजून घेतलं, तर कमी पैशांत चांगले स्पीकर निवडणं फार सोपं होतं.

पेटीच्या आत

स्पीकरचं मूळ यंत्र शंभर वर्षांचं आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये त्याचं आजचं रूप मांडलं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला जोडलेला कागदाचा कोन. वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहिली की ते पुढेमागे हलतं, कोन हवा ढकलतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. पुढच्याच वर्षी आरसीए या कंपनीने या यंत्राचा ‘रेडिओला १०४’ हा स्पीकर बाजारात आणला आणि त्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवला होता. म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात घेऊन फिरणारा स्पीकर ही नवी टूम नाही. स्पीकरचा जन्मच तसा आहे.

खोल स्वरांना भरपूर हवा हलवावी लागते, त्यासाठी कोन मोठा हवा. तीव्र स्वरांना सेकंदाला हजारो वेळा हलायचं असतं, त्यासाठी तो हलका आणि लहान हवा. म्हणून पेटीत खालच्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्यांसाठी ट्वीटर असे दोघे असतात. कोणी काय गायचं याची वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर.

ही वाटणी कुठे होते, यातच सगळी गंमत आहे. साध्या, म्हणजे पॅसिव्ह स्पीकरमध्ये ती ॲम्प्लिफायरच्या नंतर होते. जोरकस वीज जाडजूड कॉइल आणि कपॅसिटरमधून जाते, तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो आणि ॲम्प्लिफायरला आपण कोणता वूफर हलवतोय याचा पत्ताच नसतो. खऱ्या ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये वाटणी आधीच, अगदी नाजूक सिग्नलवर होते. मग वूफरला त्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर, ट्वीटरला त्याचा. बनवणाऱ्याला दोघांच्या खोडी माहीत असतात. वूफर जिथे कमी पडतो तिथे सर्किट थोडा जोर देतं, ट्वीटरवर ताण येऊ लागला की त्याला आवरतं. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला क्रॉसओव्हर इथे सहज वापरता येतो. त्यात वूफर आणि ट्वीटर इतके तालात असतात की आवाज एकातून दुसऱ्यात कधी गेला हे कानाला कळत नाही.

फिनलंडच्या नभोवाणीला असे स्पीकर हवे होते, त्यातून १९७८ मध्ये ‘जेनेलेक’ ही कंपनी उभी राहिली आणि ॲक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग पारखायचे स्पीकर, स्टुडिओ-स्टुडिओत पोचले. तेव्हा ती चैन होती. आज त्याच तत्त्वाची जोडी एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते. याचं मोठं श्रेय क्लास-डी ॲम्प्लिफायरला. तो घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवू शकतो. त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारे मोठे पत्रे लागत नाहीत, आणि छोट्या पेटीत दोन-दोन ॲम्प्लिफायर सुखाने राहतात.

दुकानात मात्र एक गोष्ट तपासा. जोडीतल्या एका पेटीला वीज लागते आणि तिच्यातून दुसरीकडे फक्त दोन पदरी वायर जाते, अशी रचना दिसली तर त्या दुसऱ्या पेटीत ॲम्प्लिफायर नाही, वाटणी जुन्याच पद्धतीने होते आहे. अशी जोडीही सुरेल असू शकते. पण त्याच पैशांत दोन्ही पेट्यांना स्वतःची विजेची वायर असलेली जोडी मिळत असेल, तर ती आधी ऐका. असे स्पीकर टीव्हीच्या दुकानापेक्षा वाद्यांच्या आणि रेकॉर्डिंगच्या सामानाच्या दुकानात ‘स्टुडिओ मॉनिटर’ या नावाने जास्त सापडतात.

हवेचा हिशोब

निसर्ग इथे सवलत देत नाही. स्वर एक सप्तक खाली उतरला, तर तेवढ्याच जोराने ऐकू येण्यासाठी कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. दोन सप्तकं खाली गेलात तर सोळापट. पाच इंची वूफर ४० हर्ट्झला धापा का टाकतो, याचं उत्तर एवढंच आहे.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये या अडचणीतून एक विलक्षण वाट काढली. त्यांनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की तो उसळून परत येतो. कोनाच्या मागची कोंडलेली हवा तेच काम करते. त्यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरने दाखवून दिलं की छोटी पेटीसुद्धा स्वच्छ, खोल खर्ज देऊ शकते. दुसरी वाट बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थ्युरास यांनी त्याआधीच शोधली होती: पेटीला मोजून-मापून एक भोक ठेवायचं, म्हणजे कोनाची मागची हवा ठरावीक स्वराला घुमते आणि पुढच्या आवाजाला साथ देते. आज बहुतेक छोट्या स्पीकरना पुढे किंवा मागे दिसणारी नळी ती हीच. तिची लांबी-रुंदी अंदाजाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थिएल आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं पक्कं गणित बसवून दिलं आणि जगभरचे स्पीकर बनवणारे आजही तेच वापरतात.

पण याच क्षेत्रातल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम कुणालाच चुकत नाही. खोल खर्ज, छोटी पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी फक्त दोन मिळतात. ॲक्टिव्ह स्पीकर तिसऱ्याची किंमत विजेने चुकवतो, आणि वीज आता स्वस्त झाली आहे. म्हणून तो छोटा असूनही भरदार वाजतो.

उरलेलं काम आपला मेंदू करतो. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. अगदी छोटा स्पीकर हा स्वर धड वाजवू शकत नाही. तो १३८, २०७, २७६ हर्ट्झचे वरचे अंश तेवढे देतो. आपला मेंदू त्या अंशांमधलं सारखं अंतर ओळखतो आणि न वाजलेला ६९चा षड्ज स्वतः रचून आपल्याला ऐकवतो!

स्पीकर पारखायलाही तानपुऱ्यासारखा दुसरा साथीदार नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुऱ्यावर लिहिताना एक नवल नोंदवलं होतं: तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे अंश नियमानुसार उमटायलाच नकोत, तेही घोडीवरच्या जवारीमुळे ठळकपणे घुमतात. मिरजेचे कारागीर घोडीवर जी जवारी काढतात, तिची झळाळी ट्वीटरच्या प्रांतात असते आणि खर्जाचा भार वूफरच्या. चांगल्या स्पीकरवर हे सगळं एकाच तारेतून निघाल्यासारखं वाटतं. झळाळी वर आणि घुमारा खाली असं दोन ठिकाणी वाटलं गेलं, तर ती जोडी दुकानातच ठेवा.

कान काय पसंत करतो

आवड प्रत्येकाची वेगळी, असं आपण धरून चालतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड लपवून माणसांना ऐकवले, आणि पुढे शॉन ऑलिव्ह यांनी हे काम वाढवलं. नाव आणि किंमत दिसेनाशी झाली, तेव्हा नवखे आणि तरबेज श्रोते बहुतांशी त्याच स्पीकरकडे वळले. दोन गुण पुन्हा पुन्हा समोर आले: समोरून सर्व स्वर सारख्या जोराचे हवेत, आणि बाजूला जाणारा आवाजही एकदम न बदलता हळूहळू मवाळ व्हायला हवा. कारण खोलीत आपण भिंतींवरून परतलेला आवाजही ऐकत असतो. ट्वीटरभोवती दिसणारी पन्हळीसारखी खोलगट जागा शोभेची नसते, ती बाजूच्या आवाजाला वळण लावते.

जेबीएलचा ‘३०५पी मार्क २’ हे याचं चांगलं उदाहरण आहे. पाच इंची वूफर, एक इंची ट्वीटर, प्रत्येकाला ४१ वॅटचा स्वतंत्र क्लास-डी ॲम्प्लिफायर, वाटणी १७२५ हर्ट्झवर आणि समोर काटेकोर आकाराची खोलगट जागा. एवढी पेटी जवळपास ५० हर्ट्झपर्यंत सपाट वाजते. आणि ४१ वॅट कमी वाटत असतील, तर लक्षात घ्या की आवाज दुप्पट जाणवायला वीज सुमारे दहापट लागते. म्हणून ४० आणि ६० वॅटमधला फरक कानाला जेमतेम कळतो. खोक्यावर हजारो वॅटच्या आकड्यांनी मिरवणारा ‘पीएमपीओ’चा दावा तर डोळे झाकून सोडून द्या.

अंतर मात्र महत्त्वाचं. दोन-अडीच मीटरवरून ऐकणार असाल तर पाच इंची जोडी पुरते. त्याहून लांब बसायचं असेल, मोठा हॉल असेल, तर सात-आठ इंची वूफर बघा. टेबलावर कॉम्प्युटरशेजारी साडेतीन-चार इंचीही गोड लागतात.

खोली आणि सिनेमा

खोली हा तिसरा स्पीकर आहे आणि तो फुकट मिळतो. १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा स्वर घुमतो, १२ फुटांमध्ये सुमारे ४७चा. त्यामुळे खुर्ची फूटभर सरकवली तरी खर्ज बदलतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल, तर १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीवरून उलटा येऊन मूळ आवाजालाच खोडतो. भिंतीच्या जवळ नेला तर खर्ज वाढतो, कोपऱ्यात तर फारच. तेव्हा कोपरा टाळा आणि स्पीकरच्या मागे खर्ज कमी करण्याचा स्विच असेल तर वापरा. दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतील तर सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट कोणत्याही महागड्या वायरपेक्षा जास्त काम करतं.

मधल्या मोकळ्या जागेतला तो गवई मुळात सिनेमासाठीच जन्मला. इंग्लंडमधले अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं, त्यात पडद्यावरच्या माणसाबरोबर त्याचा आवाजही सरकावा हा विचार होता. दोन्ही कानांवर सारखाच आवाज आला की मेंदू त्याची जागा मध्यावर ठरवतो. म्हणून नीट मांडलेल्या दोनच स्पीकरवर संवाद टीव्हीच्या पडद्यातून आल्यासारखे वाटतात. पाच स्वस्त डब्यांचा संच घेण्यापेक्षा दोन चांगल्या पेट्या सिनेमालाही न्याय देतात, आणि गाण्याला तर देतातच.

टीव्हीला जोडताना ब्लूटूथ टाळा. आवाज ओठांपेक्षा सुमारे १२५ मिलिसेकंदांहून जास्त मागे पडला की प्रेक्षकांना जाणवायला लागतो, आणि साधं ब्लूटूथ अनेकदा त्याहून जास्त उशीर करतं. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी असलेला स्पीकर घेतला तर रिमोटची सोय होते. ऑप्टिकलवरून आवाजच येत नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीचा प्रकार ‘पीसीएम’ करून बघा. स्टुडिओ मॉनिटरना ही तोंडं सहसा नसतात, त्यांच्यासाठी ऑप्टिकल घेणारा आणि आवाजाची चावी असलेला छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचं गाण्याच्या विजेत रूपांतर करणारा डबा, लागतो, त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. पुढे पाच स्पीकरपर्यंत जायचं असेल, तर प्रत्येक चॅनेलचं प्री-आउट, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचा नाजूक सिग्नल, देणारा रिसीव्हर लागेल, आणि स्वस्त रिसीव्हरमध्ये ते सहसा नसतं.

स्फोट, ढगांचा गडगडाट, ढोलाचा ठोका छातीत जाणवायला हवा असेल, तर सबवूफर नंतर घ्या. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर सोयीच्या जागी ठेवला तरी चालतो. त्याने भार उचलला की छोटे स्पीकरही मोकळेपणाने गातात.

तेव्हा आधी दोन खरे ॲक्टिव्ह स्पीकर, पाच इंची, मोठ्या खोलीला आठ इंची. मग स्टँड आणि सतरंजी, आणि सर्वात शेवटी सबवूफर. दुकानात जाताना तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं, तानपुरा स्पष्ट ऐकू येणारं रेकॉर्डिंग सोबत न्या, तुलना करायच्या जोड्यांचा आवाज सारख्या पातळीवर लावायला सांगा, आणि डोळे मिटून निवडा.