जुने गाळणयंत्र विकत घेताना

एका भांड्यावर दुसरे भांडे, वरच्या भांड्याच्या तळाला बसविलेल्या चिनी मातीच्या एक-दोन पोकळ कांड्या, आणि खालच्या भांड्याला एक तोटी. घरोघरी ‘फिल्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळणयंत्राचे एवढेच अवयव असतात. त्याला वीज लागत नाही. पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरते. विजेवर चालणारी उपकरणे आल्यापासून पुष्कळ घरांतील हे जुने फिल्टर अडगळीत पडले आहेत. बदली होऊन गाव सोडणारी कुटुंबेही ते स्वस्तात विकून टाकतात. रायपूरसारख्या शहरात असा फिल्टर मिळविणे अवघड नाही. मात्र तो घेणाराच्या हाती नेमके काय येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फिल्टरचे खरे काम भांडी करीत नाहीत, कांडी करते. व्यवहारात हिला ‘कँडल’ म्हणतात. तिच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असून ती वाकड्यातिकड्या वाटांनी एकमेकांस जोडलेली असतात. पाण्याला या वाटांतून ढकलणारा जोर अगदी अल्प असतो. वीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाच भरतो. पाण्याची पातळी जसजशी उतरते तसतसा हा दाब घटतो व गाळण्याची गती मंदावते. वाळूतून पाणी झिरपण्याचा हा नियम फ्रेंच अभियंता दार्सी याने १८५६ साली मांडला. म्हणून फिल्टर सावकाश गळतो ही त्याची खोड नव्हे. उलट जुना फिल्टर फार वेगाने गळत असेल, तर घेणाराने सावध व्हावे. कँडलला तडा गेला असण्याचा संभव अधिक.

याची परीक्षा विकणाऱ्याच्या दारातच करता येते. वरचे भांडे पाण्याने भरून दोन विटांवर ठेवावे आणि खालून पाहावे. थेंब केवळ कँडलच्या नळीच्या टोकातून पडले पाहिजेत. चक्रीच्या कडेने ओल दिसल्यास रबरी वायसर निकामी झाला आहे, आणि तेथून उतरणारे पाणी मुळी गाळलेच गेलेले नाही. कँडली दोन असल्यास प्रत्येकीखाली सारखी वाटी ठेवावी. एक वाटी दुसरीच्या दुप्पट वेगाने भरली, तर दोहोंपैकी एक तडकलेली तरी आहे किंवा चोंदलेली तरी.

दुसरी परीक्षा अधिक मौजेची आहे. भिजलेली कँडल बादलीभर पाण्यात बुडवून तिच्या नळीला रबरी नळी जोडावी व सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरावी. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या रुंदीच्या छिद्रातील पाणी हुसकून लावण्यास हवेच्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट जोर लागतो. पृष्ठताणामुळे पाणी तेथे घट्ट धरून बसलेले असते. तीस मायक्रॉनांच्या भेगेतून मात्र दशांश जोरानेही बुडबुडे निघू लागतात. हलक्या हवेने बुडबुड्यांची एक ओळ निघाली की ती कँडल टाकून द्यावी. बुडबुडे निघाले नाहीत म्हणून ती निर्दोष ठरते असे मात्र नव्हे. बारीक भेगा या परीक्षेतून सुटतात, आणि रोगजंतू बहुधा एक-दोन मायक्रॉनांचेच असतात. कँडल वापरून, घासून पातळ होते. तिच्या भिंतीत अडकलेले जंतू तेथेच वाढूही लागतात. यास्तव भांडी जुनी घ्यावीत, कँडल नेहमी नवी घ्यावी.

नवी कँडल तरी सर्व काही अडविते काय? पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८८४ साली बिनचकाकीच्या चिनी मातीची कँडल तयार केली, तेव्हा तिच्यातून उतरलेला द्रव निर्जंतुक असतो असे मानले गेले. परंतु १८९२ साली रशियातील इव्हानोव्हस्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशाच कँडलमधून गाळला. तो गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग देऊ लागला. विषाणूंची ओळख अशी कँडलच्या अपयशातूनच पटली.

रायपूरच्या दृष्टीने ही केवळ इतिहासातील गोष्ट नाही. राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून या शहराला खारून नदीचे पाणी नळाने मिळू लागले, ते १८९२ सालीच. पुढे शहर वाढले, नळ जुने झाले, काही गटारांतून गेले. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये येथे काविळीची साथ पसरली. अशा साथींस बहुधा कारण होणारा हेपटायटिस ई चा विषाणू सुमारे तीस नॅनोमीटरांचा, म्हणजे सामान्य जंतूच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतो. कँडल त्याला रोखील असा भरवसा धरता येत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस टक्के दगावू शकतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन वाढविल्याने विषमज्वर पसरला नाही. विषाणू मात्र निसटला.

म्हणून ज्या घरात गरोदर स्त्री आहे, किंवा ज्या वस्तीत काविळीचे रोगी आढळले आहेत, तेथे पाणी गाळून मग खळखळून उकळावे. क्रम उलटा करू नये. उकळलेले पाणी मळक्या कँडलमधून गेल्यास पुन्हा दूषित होते. विरघळलेल्या द्रव्यांचेही तसेच आहे. रायपूरच्या आसपास चुनखडकाचा प्रदेश असल्याने विंधणविहिरींचे पाणी बरेचदा जड असते. कँडलमधून ते जडच उतरते, शिवाय तिच्यावर पांढरे किटण चढवून जाते.

प्लॅस्टिकच्या फिल्टरांत क्लोरिनच्या वड्या किंवा चांदीचा लेप दिलेली भुकटी असलेला संच असतो. त्यांतील एका प्रकारात, २००९ साली निघालेल्या ‘टाटा स्वच्छ’मध्ये, भाताच्या तुसाची राख वापरली होती, धानाच्या या मुलखाला ते कौतुकाचे वाटावे. असा संच ठराविक लिटर पाण्यापुरताच टिकतो. तेव्हा जुना प्लॅस्टिकचा फिल्टर घेण्यापूर्वी त्या नमुन्याचा नवा संच बाजारात मिळतो की नाही याची चौकशी आधी करावी. मिळत नसल्यास ते केवळ तोटीचे पिंप समजावे व तेवढीच किंमत द्यावी.

स्टीलच्या भांड्यात तोटीभोवतीचा सांधा व तळाची भोके पाहावीत. भोकांच्या कडा गंजलेल्या असल्यास वायसर नीट बसत नाही. नवी कँडल बसविताना चक्री हातानेच आवळावी. पान्याने आवळल्यास नळी व माती यांचा सांधा उखडतो, आणि तो तडा वरून दिसत नाही. पहिली दोन-तीन भांडी पाणी ओतून द्यावे, आणि थेंबांची ती परीक्षा घरी पुन्हा एकदा करावी.