छायाचित्रांची उचलेगिरी आणि आपले हक्क

दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडून नेणाऱ्याला आपण चोर म्हणतो. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र इंटरनेटवरून उचलून आपल्या दुकानाच्या जाहिरातीत घालणाऱ्याला मात्र आपण हुशार म्हणतो. ह्या दोघांत फरक कोणता, असे विचारले तर उत्तर मिळते की, कणीस नेले म्हणजे शेतकऱ्याचे एक कणीस कमी होते. छायाचित्र उचलले तरी मूळ छायाचित्र मालकापाशी राहतेच. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण कारखान्यातला कामगार दिवसभर राबून संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याचे दोन्ही हात त्याच्यापाशीच असतात. म्हणून त्याला मजुरी देऊ नये, असे कोणी म्हणत नाही. छायाचित्राचे मोल पहाटे उठून उन्हाची वाट पाहण्यात असते, नेमका क्षण हेरण्यात असते, हप्त्यांवर घेतलेल्या कॅमेऱ्यात असते. हे श्रम आहेत, आणि श्रमाचा मोबदला मागण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आपले छायाचित्र न विचारता वापरले गेले, असे कळले की माणूस बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. 'जाऊ द्या हो, नेटवर टाकले म्हणजे गेलेच' असे म्हणून तो गप्प बसतो, किंवा तावातावाने चार शिव्या लिहून मोकळा होतो. पहिल्या वागण्याने हक्क बुडतो. दुसऱ्याने पुरावा बुडतो, कारण शिव्या वाचून समोरचा घाईघाईने ते पान पुसून टाकतो आणि मग 'मी कुठे वापरले?' असे साळसूदपणे विचारतो. ह्या दोहोंहून निराळा, थोडा सावकाशीचा मार्ग आम्ही येथे सांगणार आहोत. कामगार संघटनेत एखाद्याची तक्रार चालवायची तर आधी हक्क कोणता ते ठरवतात, मग कागद जमवतात, मग लेखी मागणी करून पोच घेतात. छायाचित्राच्या बाबतीतही हाच क्रम कामी येतो.

हक्क कोणाचा?

माणसाच्या प्रत्येक छायाचित्राला दोन धनी असतात: एक कॅमेऱ्यामागचा आणि एक कॅमेऱ्यापुढचा. दोघांचे हक्क निराळे, कायदे निराळे आणि तक्रारीचे दरवाजेही निराळे. बहुतेक गोंधळ ह्या दोघांची गल्लत केल्याने होतो.

प्रथम कॅमेऱ्यामागच्याचे पाहू. आपला कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा, कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. ह्या कायद्याप्रमाणे छायाचित्र जो काढतो तो त्याचा कर्ता, आणि सामान्यतः मालकही तोच. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पण कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत, आणि ते आपल्या रोजच्या व्यवहारातले आहेत.

लग्नाचेच उदाहरण घ्या. वधूपित्याने पैसे ठरवून स्टुडिओवाल्याला बोलावले आणि वेगळा काही करार केला नाही. मग त्या छायाचित्रांचा पहिला मालक वधूपिता, कारण मोबदला देऊन काम सांगणारा तो. स्टुडिओवाल्याला नवरीचे छायाचित्र जाहिरातीसाठी आपल्या पानावर झळकवायचे असेल, तर त्याने आधी विचारले पाहिजे, किंवा काम घेतानाच तशी अट लिहून घेतली पाहिजे. त्याच मांडवात पाहुणा म्हणून आलेल्या मावसभावाने मोबाइलवर हौसेने टिपलेले छायाचित्र मात्र मावसभावाचे. कारखान्याच्या पगारी फोटोग्राफरने नोकरीचा भाग म्हणून काढलेली यंत्रांची छायाचित्रे, उलट करार नसेल तर, कारखान्याची. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा: हे छायाचित्र कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले आणि पैसे कोणी दिले?

मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखीच द्यावी लागते. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची समजतो. 'सर्व हक्क कायमचे' अशी ओळ बारीक अक्षरांत घातलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तरुण फोटोग्राफरांनी तो कागद दोनदा वाचावा. पैशाखेरीज कर्त्याचा आणखी एक हक्क आहे, तो नावाचा. मालकी विकली तरी 'हे मी केले' असे म्हणण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे कर्त्यापाशीच राहतो. नाव हरवणे म्हणजे काय, हे होमाई व्यारावाला ह्यांच्या उदाहरणावरून कळते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या ह्या बाई भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. पण त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात असत.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, नेटवर आहे ते सर्वांचे. आपण एखाद्या कंपनीच्या पानावर छायाचित्र चढवतो तेव्हा ते दाखवण्याची आणि साठवण्याची परवानगी त्या कंपनीला देतो. मालकी आपलीच राहते, आणि वाटेने जाणाऱ्या तिऱ्हाइताने ते उचलून धंद्यात वापरावे अशी परवानगी त्यात नसते.

हा मुद्दा न्यायालयात घासून पाहिला गेला आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने जमीनदोस्त झाली. डॅनियल मोरेल हे तिथलेच छायाचित्रकार. त्यांनी त्याच दिवशी ढिगाऱ्यांतून फिरून छायाचित्रे काढली आणि ट्विटरमार्फत जगापुढे ठेवली. दुसऱ्या एका माणसाने ती आपली म्हणून पुन्हा चढवली. एएफपी ह्या मोठ्या वृत्तसंस्थेने ती त्या भलत्याच नावाने घेतली आणि गेटी ह्या कंपनीमार्फत ती जगभर गेली. मोरेल ह्यांनी तक्रार केली, तेव्हा वृत्तसंस्थेनेच आधी न्यू यॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली. ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला वापराची मुभा होती, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ते फेटाळले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने दोन्ही संस्थांकडून मोरेल ह्यांना १२ लाख डॉलर देवविले. एकटा माणूस, समोर दोन बलाढ्य संस्था. तरी तो जिंकला. छायाचित्रे आपली आहेत हे त्याला दाखवता आले आणि तो पावणेचार वर्षे चिकाटीने उभा राहिला, ह्याचे हे फळ.

दुसरा गैरसमज असा की, खाली नाव दिले म्हणजे झाले. नाव देणे ही एक गोष्ट, परवानगी घेणे ही दुसरी. घरमालकाचे नाव पाटीवर लिहून त्याच्या घरात बिनभाड्याने राहता येत नाही.

तिसरा गैरसमज नोंदणीचा. छायाचित्र काढले त्या क्षणी हक्क जन्मतो. सरकारदरबारी नोंद केली नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. नोंदणी केलेली असली तर मालकीचा पुरावा म्हणून ती न्यायालयात उपयोगी पडते, इतकेच.

मात्र प्रत्येक वापर हा गुन्हा नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खाजगी अभ्यास, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त ह्यांसाठी केलेला योग्य तेवढा वापर कलम ५२ प्रमाणे चालतो. आपल्या छायाचित्रावर कोणी टीका केली म्हणून त्याच्यामागे कॉपीराइटचा दांडा घेऊन लागू नये.

काय करावे?

पहिले काम पुराव्याचे. आपली छायाचित्रे कोठे कोठे वापरली जात आहेत, हे शोधण्याची सोय आता फुकट आहे. गूगल लेन्स किंवा टिनआय ह्यांना छायाचित्र दाखवले की तशी चित्रे असलेली पाने ती शोधून देतात. पान सापडले की समोरच्याला काही कळवण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग आपली मूळ फाइल शोधावी. मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याचे नाव, काढल्याची तारीख अशी माहिती दडलेली असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवले की चित्र लहान होते आणि ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. तीच आपली हजेरीपटावरची सही. प्रकरण न्यायालयात गेले तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

दुसरे काम, आपल्याला नेमके काय हवे ते ठरवण्याचे. छायाचित्र काढून टाकायला हवे, की नाव हवे, की पैसे हवेत? मागणीच धड नसली तर वाटाघाट होत नाही. शाळेच्या भित्तिपत्रकावर वापरले असेल तर नावावर भागवावे. व्यापाऱ्याने माल खपवण्यासाठी वापरले असेल तर आपला नेहमीचा दर लावून बिल पाठवावे.

तिसरे काम पत्राचे. छायाचित्र कोणते, आपण ते केव्हा काढले, ते कोठे वापरले आहे, आपली मागणी काय आणि उत्तराची मुदत किती, एवढे पाच मुद्दे पुरे. भाषा सभ्य असावी आणि खोटा दम देऊ नये. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्यावरच उलट दावा लावण्याची तरतूद ह्या कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे.

पत्राला उत्तर आले नाही तर, ज्या कंपनीच्या जागेवर ते पान आहे तिच्याकडे जावे. आपल्याकडील २०१३ च्या नियमांप्रमाणे कंपनीकडे रीतसर लेखी तक्रार गेली आणि तिची खात्री पटली, तर तिने ३६ तासांत ते चित्र २१ दिवसांपुरते बंद करायचे असते. त्या २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर ते पुन्हा खुले होऊ शकते. पुष्कळ मोठ्या कंपन्या अमेरिकन आहेत. त्या आपल्या देशातल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचा ठराविक अर्ज ठेवतात, आणि तो येथे बसूनही भरता येतो. त्यात मालकीविषयी शपथपूर्वक लिहायचे असते, म्हणून खोटे लिहू नये.

शेवटचा उपाय न्यायालयाचा. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. त्याला मुदत ३ वर्षांची असते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो; धंद्यातल्या नफ्यासाठी तसे केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. वकिलाची फी आणि हातात येणारी रक्कम ह्यांचा हिशेब मात्र आधी मांडावा. फोटोग्राफरांनी संघटना केली, एक दरपत्रक ठरवले आणि एक वकील धरला, तर हाच हिशेब फायद्याचा होतो. एकट्याची तक्रार टोपलीत जाते. पन्नास जणांच्या सहीची तक्रार टेबलावर राहते.

चेहऱ्याचा हक्क

आता कॅमेऱ्यापुढच्या माणसाचे. मार्च १९३६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग ह्यांनी एका मजूर आईचे छायाचित्र काढले. ते जगप्रसिद्ध झाले. लँग सरकारी नोकरीत असल्यामुळे ते चित्र कोणालाही छापायला मोकळे होते. त्या आईचे, फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्प्सन ह्यांचे, नाव मात्र जगाला १९७८ पर्यंत कळले नाही, आणि त्या छायाचित्राचा एक पैसाही आपल्याला मिळाला नाही ही त्यांची खंत होती. छायाचित्राने दुष्काळी मजुरांचे भले केले असेल, तरी चेहरा ज्याचा त्याला विचारायला हवे, हा धडा त्यातून घ्यायचा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. मोर्च्यात, जत्रेत काढलेल्या बातमीच्या छायाचित्राला सहसा हरकत घेता येत नाही. पण आपला चेहरा परवानगीवाचून कोणाच्या मालाच्या जाहिरातीत आला, किंवा आपल्या नावाने खोटे खाते उघडले गेले, तर तक्रारीला जागा आहे.

सर्वांत नाजूक प्रसंग अश्लील किंवा खाजगी छायाचित्रांचा, खरी असोत की यंत्राने बनवलेली असोत. येथे 'छायाचित्र कोणी काढले?' हा प्रश्नच उरत नाही. २०२१ च्या नियमांनी अशी चित्रे पीडित व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, आणि पुढच्या दुरुस्तीचा रोख ही मुदत आणखी आखूड करण्याकडेच आहे. स्त्रीने छायाचित्र काढू देण्यास संमती दिली म्हणजे ते पसरवण्यास संमती दिली असे होत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया व मुलांविषयीची अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. पैसे उकळले गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच फोन करावा. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण पहिला हप्ता हा शेवटचा कधीच नसतो. आणि घरातल्यांनी मुलीला 'तू फोटो काढूच का दिलास?' असे विचारून तिचे तोंड बंद करू नये. गुन्हेगाराचे अर्धे बळ ह्या एका प्रश्नात असते.

हा सगळा हिशेब दुसऱ्याला लावण्यापूर्वी आपल्या घरापासून लावणे बरे. मंडळाच्या अहवालाचे मुखपृष्ठ, पतसंस्थेची दिनदर्शिका, संघटनेचे पत्रक ह्यांवरची छायाचित्रे आपण कोठून घेतो? पुढच्या वेळी ती छापण्याआधी काढणाऱ्याला एक ओळ लिहावी, त्याचे नाव खाली द्यावे आणि तो मागेल ते मानधन हातावर ठेवावे. स्वतः दिलेली मजुरीच उद्या आपल्याला आपली मजुरी मागण्याचे तोंड देते.