रातांब्याच्या सालीतला लाल रंग

पिकलेल्या रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल लाल-जांभळी दिसते ती सायनिडीनमुळे. वनस्पतींत आपोआप तयार होणाऱ्या फ्लेव्होनॉइड कुळातला हा रंग. या कुळातल्या सर्व संयुगांचा सांगाडा 15 कार्बन अणूंचा असतो : दोन षट्कोनी कडी आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन. सायनिडीनला साखरेचा रेणू जोडला गेला की अँथोसायनिन तयार होते आणि ते पाण्यात सहज विरघळते. कोकमात अशी दोन मुख्य अँथोसायनिने आहेत. एकात ग्लुकोज असते, तर दुसऱ्यात सांबुबायोज नावाची जोडसाखर.

करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या, सिंधुदुर्गातल्या वैभववाडी तालुक्यात आणि खाली मालवण किनाऱ्यापर्यंत कोकमाची झाडे परसात, बागेत, ओहोळाच्या काठी आढळतात. नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे प्रत्येक झाडाला फळ धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हिरवी फळे पिकू लागतात, तसा सालीत हा रंग साठत जातो.

आंबटपणा बदलला की हा रंगही बदलतो. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असते, म्हणून आगळ, म्हणजे कोकमाचा रस, गडद लाल दिसते. कोकम सरबताच्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर फेस येतो आणि लाल रंग जांभळट-निळसर होऊ लागतो. त्यात लिंबू पिळले की तो पुन्हा लालीकडे वळतो. सोलकढीत नारळाच्या दुधाने आगळ पातळ होते, आंबटपणा उतरतो आणि दुधाच्या पांढरेपणात गुलाबी छटा उमटते. गुलाबाचा लाल आणि कॉर्नफ्लॉवर या फुलाचा निळा रंग एकाच सायनिडीनपासून होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ट विलश्टेटर यांनी दाखवले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी त्यांना 1915 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्नफ्लॉवरच्या निळाईमागे लोहासारख्या धातूंशी होणारी जोडणी असते, हे पुढे उलगडले. आगळ लोखंडी भांड्यात न ठेवता काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, ते म्हणूनच योग्य : आम्ल धातूला खाते आणि रंगही काळवंडतो.

उष्णता, प्रकाश आणि हवा यांनी अँथोसायनिन हळूहळू मोडते. रातांबे फोडून बिया काढल्यावर सालींना त्यांच्याच रसाची पुटे देत उन्हात वाळवतात. त्या वाळलेल्या साली म्हणजे आमसुले. वाळताना लाली काळपट होते, तरी भिजवल्यावर पाण्यात उतरते. आगळात मीठ आणि अमृत कोकम या गोड सरबतात साखर घालतात. दोन्हींमुळे रस टिकतो.

प्रयोगशाळेत या रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरणरोधक गुण स्पष्ट दिसतात. मात्र पोटात गेल्यावर त्याचा थोडाच भाग शोषला जातो. त्यामुळे कोकम हा उत्तम आहार आहे, रोगावरचे औषध नव्हे. खाद्यपदार्थांना रंग देण्यासाठी अँथोसायनिने जगभर वापरली जातात आणि कोकमाची साल हा त्यांचा समृद्ध स्रोत आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही पाऊस लवकर आला की पिकलेली फळे झाडाखाली कुजतात. फळे वेळेत उतरवून लगेच फोडणे आणि रस झाकून, थंड, अंधाऱ्या जागी ठेवणे, एवढी काळजी घेतली तरी सालीतला हा रंग घरात वर्षभर पुरतो.