वजन उतरले, पण पोटाचे काय?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेबाचे काम करणारे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलोवरून ८६ वर उतरलेले. स्वारी खूश! ‘काही न करता सहा किलो कमी झाले, डॉक्टर. फक्त मूळव्याधीचे औषध द्या, शौचातून रक्त पडते.’

‘काही न करता’ हेच शब्द मला खटकले. चार महिने जुलाब, पोटात कळ, संध्याकाळी कणकण. ‘एवढ्या जाड माणसाला कसला मोठा आजार?’ असे म्हणून घरच्यांनीही दुर्लक्ष केले होते. दुर्बिणीतून आतडे तपासले, तुकडा काढून पाहिला, आपल्याकडे सारखाच दिसणारा आतड्याचा क्षय नाही याची खात्री केली. निदान झाले ‘क्रोन्स डिसीज’.

आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे मुख्य आजार दोन: क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. यांचा रोगी हडकुळाच असतो, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. पोटातील अवयवांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. ती दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. पाच मोठ्या पाहण्यांतील सुमारे सहा लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठ व्यक्तींना क्रोन्सचा धोका सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळला. कोलायटिसबाबत मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे प्रत्येक लठ्ठ माणसाला हा आजार होतो असे नव्हे. अनुवंशिकता, धूम्रपान, आहार हीदेखील कारणे आहेतच.

आजार झाल्यावरही लठ्ठपणा आड येतो. काही औषधांचा गुण कमी येतो, शस्त्रक्रिया अवघड होते. उलट स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक व वजन वाढते. म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि अचानक बंदही करू नयेत.

वाचकांनी एवढे करावे. कंबर मोजावी, पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वडापाव, फरसाण, बाटलीतील गोड पेये कमी करावीत. रोज अर्धा तास चालावे. तंबाखू व विडी-सिगारेट सोडावी. आजार असलेल्यांनी मात्र कडक उपास करू नयेत. वजन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू उतरवावे.

शौचातून रक्त पडणे, चार आठवड्यांहून अधिक जुलाब, रात्री शौचासाठी उठावे लागणे, प्रयत्न न करता वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरी बसू नका.

आमचे हिशेबनीस आता बरे आहेत. सकाळी रोडपालीपर्यंत चालत जातात. वजन ८१ आहे. पण या वेळी ते का उतरले, हे त्यांना ठाऊक आहे.