शिडाच्या नौकेवरील वीज : वाऱ्याची की उन्हाची?

शिडाच्या नौकेस चालावयास वारा पुरतो. मग तिला विजेची गरज ती काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तही आहे. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत गलबते बांधविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या गलबतांवर विजेचा मागमूस नव्हता. परंतु आज ठाण्याच्या खाडीतून निघालेली एखादी लहान नौका मुंबई बंदर ओलांडू लागली, म्हणजे तिच्या वाटेत डोंगराएवढी मालवाहू जहाजे येतात. रात्री डोलकाठीवरचा तांबडा, हिरवा व पांढरा दिवा विझला, तर अशा जहाजाच्या नावाड्यास ही नौका दिसणारच नाही. दिवा जळत राहणे हा तेथे सोयीचा नव्हे, तर प्राणांचा प्रश्न आहे. म्हणूनच लांबच्या सफरीवर निघणारा नाविक प्रथम हा विचार करतो की, आपली विद्युत्‌संचयिका भरावी कशाने? छोट्या पवनचक्कीने की सौरपट्टीने?

उत्तर देण्यापूर्वी खर्चाचा हिशेब मांडू. आपोआप सुकाणू धरणारे यंत्र सरासरी ४० वॉट घेते असे समजू; चोवीस तासांत ते ९६० वॉट-तास खाते. नकाशा दाखविणारे यंत्र व बिनतारी यंत्र मिळून २० वॉट, म्हणजे ४८० वॉट-तास. दिवा ५ वॉटचा, बारा तास जळणारा, त्याचे ६०. एकूण १५०० वॉट-तास झाले, आणि यात शीतपेटी धरलेलीच नाही! दिव्याचा वाटा किती थोडा आहे, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानी आलेच असेल. खरा खादाड तो सुकाणू धरणारा. वाऱ्याच्याच जोरावर सुकाणू फिरविणारे पाते बसविले तर तेवढी वीज वाचते. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ नावाच्या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्यापाशी असेच पाते होते. ते वाटेत मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधून त्यांनी नौका हाकली.

आता वाऱ्याकडे वळू. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. पण वेग निम्मा झाला की ती अष्टमांशावर येते, आणि नाविकास नडते ते हेच. सव्वा मीटरहून किंचित कमी व्यासाचे चक्र दहा नॉट वाऱ्यात फार तर २५ ते ३० वॉट देते. पाच नॉटला ते जेमतेम हलते. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या उंच पठारावर पवनचक्क्या का उभारल्या, याचे कारण यात आहे. नौकेला मात्र पठार कोठून मिळावे?

शिवाय एक गंमत अशी की, चक्राला लागतो तो खरा वारा नव्हे, तर नौकेवर भासणारा वारा. पाठीमागून पंधरा नॉटचा वारा असून नौका सहा नॉटने पुढे पळत असेल, तर चक्राला अवघे नऊ नॉट लागतात आणि शक्ती सुमारे पंचमांश उरते. तीच नौका वाऱ्याच्या तोंडावर चालली, तर शक्ती दुपटीच्या घरात जाऊ शकते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. मुंबईहून गोव्याचा मार्ग दोनशे सागरी मैलांहून अधिक आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारचे खारे वारे बहुधा वायव्येकडून येतात. अर्थात जाताना ते पाठीशी असतात आणि चक्र आळसावते, परतताना ते कामास लागते. रात्रीचे मतलई वारे तर सौम्यच. खाडीत नांगरून राहिलेल्या नौकेस दुपारी सात तास दहा नॉट वारा मिळाला, असे उदारपणे धरले, तरी दिवसाकाठी दोनशे वॉट-तासांपलीकडे मजल जात नाही.

आता उन्हाची बाजू. १०० वॉटची पट्टी जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्या किनाऱ्यावर दिवसाला सुमारे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो. उष्णतेने व सावलीने होणारी तूट वजा जाता ३५० वॉट-तास हाती येतात. अशा चार पट्ट्या असल्या की वरचा खर्च बहुतांशी भागतो. ज्या पालकांच्या गच्चीवर सौरपट्ट्या आहेत, त्यांना ठाऊकच आहे की घरची पट्टी दक्षिणेकडे कललेली व स्थिर असते. नौकेवरची पट्टी आडवी, डुलणारी, आणि शिडाच्या सावलीत सापडणारी. पट्टीतील घटक साखळीसारखे जोडलेले असल्यामुळे दोऱ्याची किंवा डोलकाठीची सावली दोन-चार घटकांवर पडली, तरी सबंध ओळीचा प्रवाह खुंटतो. तेव्हा पट्टी नौकेच्या मागील टोकास, शिडापासून दूर बसवावी. खारटपणा व पक्ष्यांची विष्ठा वरचेवर पुसावी.

मग पावसाळ्यात काय, असे कोणी म्हणेल. ढगांनी ऊन झाकते आणि वारा मात्र धो धो वाहतो, हे खरे. परंतु त्या दिवसांत आपल्या लहान नौका समुद्रात असतातच कोठे? कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. जेव्हा वारा भरपूर तेव्हा नौका कोरड्या जमिनीवर. जेव्हा नौका पाण्यात तेव्हा आकाश निरभ्र. म्हणून कोकण किनाऱ्यापुरता माझा कौल निःशंकपणे उन्हाला आहे. पवनचक्कीची घरघर रात्रभर ऐकण्याचे कारण नाही.

कौल फिरतो तो विषुववृत्त ओलांडून फार दक्षिणेस गेल्यावर. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचा मार्ग ‘गर्जणाऱ्या चाळीसां’तून गेला. तेथे आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले आणि वारा अखंड. अशा समुद्रावर केवळ पट्ट्यांवर विसंबणे धाडसाचे ठरते. चक्र हवेच, आणि वादळात ते जळू नये म्हणून त्यास रोधकही हवा. कित्येक नाविक तर पाण्यात बुडणारे लहान चक्र नौकेमागे लावतात. पाणी हवेच्या आठशेपट घन असल्यामुळे वीतभर चक्रही पुष्कळ वीज देते. मात्र तेवढ्यापुरता नौकेचा वेग थोडा कमी होतो.