दोन नायक, नायिका नाही... तरी प्रेमकथाच!

जपान, थायलंड, तैवान, कोरियातल्या ‘बीएल’ मालिकांचे चाहते आता मराठी घरांतही सापडतात. काय दिसतं त्यांना या मालिकांत? आणि काय खटकतं?

उरला ही रायपूरची लोखंडाची बाजू. स्पंज आयर्नचे आणि रोलिंग मिलचे कारखाने, रस्त्यावर ट्रकांची रांग, गच्चीत वाळत घातलेल्या चादरीवर बसणारी काळी भुकटी. इथल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब सांभाळणारी, मराठी घरातली तरुणी डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, ऑफिसात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. रात्री भांडी आवरून झाली, आईची मालिका संपली, की हिच्या कानात इयरफोन जातात आणि मोबाईलवर चौथी भाषा सुरू होते... थाई! पडद्यावर दोन मुलगे आहेत. एकमेकांच्या प्रेमात पडलेले. नायिका नाहीच. आईनं विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं – कोरियन सिरियल आहे.

उत्तर अगदीच खोटं नाही. अशा मालिका कोरियातही निघतात. पण त्यांचं खरं नाव ‘बीएल’, म्हणजे ‘बॉइज लव्ह’. मुलामुलांच्या प्रेमाच्या या कथा जगभर पसरल्या त्या २०२० साली, लॉकडाऊनमध्ये. त्या वर्षी थायलंडची ‘टुगेदर’ नावाची मालिका आली. नको असलेला एक प्रियकर टाळण्यासाठी टाइन हा कॉलेजकुमार सारवत या गिटार वाजवणाऱ्या मुलाला खोटं खोटं प्रेम करायला सांगतो आणि ते खरं होऊन बसतं. गोष्ट साधी, पण यूट्यूबवर फुकट आणि खाली इंग्रजी भाषांतर तयार! फिलिपिन्सवाल्यांनी तर त्याच वर्षी ‘गेमबॉइज’ ही मालिका बव्हंशी व्हिडिओ कॉलवर रंगवली. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारनं ४३ अॅप्सवर बंदी घातली, त्यात चिनी मालिका दाखवणारं ‘वीटीव्ही’ही होतं. चाहते हळहळले आणि दुसरीकडे वळले.

दोन पुरुषांच्या प्रेमात बायकांना एवढा काय रस, असं तुम्हाला वाटेल. गंमत अशी, की हा प्रकार सुरूच केला बायकांनी. जपानमध्ये सत्तरच्या दशकात हागिओ मोतो आणि ताकेमिया केइको या दोघी चित्रकथाकार स्त्रियांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा रंगवल्या. हागिओंची ‘थॉमसचं हृदय’ १९७४ मध्ये आली, ताकेमियांची ‘वारा आणि झाडाचं गाणं’ १९७६ मध्ये. वाचणाऱ्या मुलीच आणि पुढे लिहिणाऱ्याही बहुतेक मुलीच. जपानी चाहत्यांनी स्वतःला नाव घेतलं ‘फुजोशी’. उच्चार ‘स्त्रिया’ या शब्दाचा, पण एक अक्षर बदलून अर्थ केला ‘सडक्या मुली’! लोक नावं ठेवणारच, तर आपणच का ठेवू नयेत, असा हा खाक्या.

नायक-नायिकेची मालिका सुरू झाली की पुढे काय होणार, हे आपल्या बाईमाणसाला पहिल्या भागातच कळतं. नोकरी कोण सोडणार, सासरी कोण जाणार, भाजी कोण चिरणार... सगळं ठरलेलं. दोन पुरुष एका घरात राहायला लागले की यातलं काहीच ठरलेलं नसतं. चहा कुणी करायचा, हे दोघांना बोलून ठरवावं लागतं! चाहत्यांना मोह पडतो तो बहुधा याचाच. देखणे चेहरे हे दुसरं कारण, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे पाहायचं असेल तर जपानची ‘काल काय जेवलास?’ ही मालिका पाहावी. योशिनागा फुमी या लेखिकेच्या चित्रकथेवर टीव्ही टोकियोनं ती २०१९ मध्ये केली. शिरो वकील आहे, केंजी केस कापण्याच्या दुकानात काम करतो. दोघंही चाळिशी ओलांडलेले. दारू, मारामारी, कटकारस्थान काही नाही. शिरो ऑफिस सुटल्यावर स्वस्त दुकानात जातो, भाव बघतो, महिन्याचा किराणा ठरलेल्या रकमेत बसवतो आणि घरी येऊन तीन-चार पदार्थ रांधतो. भाजी कधी घालायची, मिसो कधी ढवळायचा, सगळं सांगत सांगत. केंजी जेवतो आणि मनापासून कौतुक करतो. किती घरांत हे होतं?

पण या मालिकेचा जीव स्वयंपाकात नाही. शिरोच्या आईवडिलांना मुलगा कसा आहे ते ठाऊक आहे. आई समजून घ्यायचा प्रयत्नही करते, थोडी अतिच करते. एका नववर्षाला शिरो केंजीला घरी घेऊन जातो आणि केंजीला स्वर्ग दोन बोटं उरतो. मग २०२१ च्या चित्रपटात शिरो त्याला क्योतोला सहलीला नेतो. केंजी बिचारा हरखून जातो, आणि तिथे कळतं की आईवडिलांनी पुढच्या वर्षी केंजीला आणू नकोस असं सांगितलं आहे. त्या भेटीनंतर आईची तब्येत बिघडली होती. वाईट कुणीच नाही. आई दुष्ट नाही, मुलगा उद्धट नाही, तरी एक माणूस उंबऱ्याबाहेर राहतो. सणाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही यावरून झालेली भांडणं ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग जपानी वाटत नाही.

थायलंडचा बाज वेगळा. तिथली २०१६ ची ‘सोटस’ इंजिनिअरिंग कॉलेजातल्या रॅगिंगमधून प्रेम फुलवते. ते पटो न पटो, पण तिच्यानंतर इंजिनिअरिंगच्या मुलांची रांगच लागली. मोठ्याला ‘पी’ आणि धाकट्याला ‘नाँग’ म्हणायची थाई रीत आहे. ‘पी’ म्हणजे आपला दादा किंवा ताई. प्रियकरालाही ‘पी’च म्हणतात, हे ऐकून मराठी कानाला पहिल्यांदा हसू येतं, मग सवय होते. त्यातल्या त्यात उरल्यासारख्या ठिकाणी जवळची वाटावी अशी मालिका म्हणजे २०२१ ची ‘बॅड बडी’. पात आणि प्रान यांची घरं शेजारी शेजारी. दोन्ही घरांचा धंदा एकच, बांधकामाच्या सामानाचा, आणि दोन्ही घरांत जुनं वैर. या मुलांचा गुन्हा आईबापांच्या लेखी ‘मुलावर प्रेम केलं’ हा नाहीच. ‘त्या घरातल्या मुलावर केलं’ हा आहे! दिग्दर्शक नोपर्नाच चैविमोन यांनी केलेला हा बदल छोटा दिसतो, पण चाहते त्याच्यावर फिदा आहेत.

या वेडाला नाकं मुरडण्याआधी मराठी माणसानं जरा मागं वळून पाहावं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. म्हणजे रंगमंचावरचे प्रेमिक दोघंही पुरुष, आणि समोर तिकिटांसाठी जिवाचं रान करून आलेली सभ्य घरची मंडळी. बालगंधर्व लुगडं कसं नेसतात, गजरा कसा माळतात, याची नक्कल बायका करत होत्या. छत्तीसगढच्या नाच्यातही बाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करत आले. त्याला तिथे ‘परी’ म्हणतात. मूळचे रायपूरचे असलेल्या हबीब तन्वीर यांनी नाच्याचे कलावंत जगभर नेले. अर्थात फरक मोठा आहे. बालगंधर्व रंगमंचावर बाई होते. ‘बीएल’मधले दोघं पुरुष म्हणूनच एकमेकांवर प्रेम करतात, आणि अडतं ते तिथेच.

आपल्या साहित्यात असं प्रेम आलंच नाही असं नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा केली. मुलीवर प्रेम करणारी ती मुलगी शेवटी जीव देते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. लेखन उत्तम आहे, यात वाद नाही. पण अशा माणसाच्या वाट्याला मरण नाहीतर ताटातूट, हेच वाचत मोठं झालेल्याला शेवटच्या भागात दोघं मिळून भाजी आणायला निघतात हे पाहून काय वाटत असेल? समीक्षक या गोड शेवटांना भाबडे म्हणतात. असतीलही. भाबडेपणाची चैन इतरांना शंभर वर्षं मिळालीच की!

प्रत्येक देशात ही चैन परवडत नाही. चीनमध्ये ‘अॅडिक्टेड’ ही मालिका २०१६ मध्ये शेवटाआधीच काढून टाकली गेली. २०१९ च्या ‘द अनटेम्ड’मध्ये मूळ कादंबरीतले प्रेमिक जिवलग मित्र झाले, आणि चाहते त्यांच्या नजरा वाचत बसले. पण नजरा वाचण्याइतकं हे गमतीचं नाही. २०१८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या कोर्टानं ‘तियानयी’ या टोपणनावानं पुरुषांच्या प्रेमाची उघडीवाघडी कादंबरी लिहून विकणाऱ्या बाईला साडेदहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

आता खटकणारी बाजू. जुन्या ‘बीएल’मध्ये एकाची जबरदस्ती आणि दुसऱ्याचं लाजणं हे प्रेम म्हणून खपवलं जाई. ‘मी तसा नाही, फक्त याच्यावर प्रेम आहे’ हे पालुपदही ठरलेलं. जपानमध्ये १९९२ मध्येच सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्यानं स्त्रियांच्या एका छोट्या नियतकालिकात खरमरीत तक्रार केली होती, की या कथांमधल्या माणसांचा आमच्याशी संबंध नाही, आमच्या जगण्याचं तुम्ही करमणुकीसाठी खेळणं केलंत. लेखिका आणि वाचक चिडल्या, काही विचारात पडल्या, आणि तो वाद काही वर्षं चालला. तक्रारीत तथ्य होतं. थायलंडमध्ये आज दुसरंच दुखणं आहे. कंपन्या नटांच्या जोड्या विकतात. मालिका संपली तरी दोघांनी जाहिरातीत, कार्यक्रमात, जोडीनंच मिरवायचं. त्यातल्या एकाची खरी मैत्रीण उघड झाली, की काही चाहत्यांचा तिळपापड होतो. पडद्यावर प्रेमाचं स्वातंत्र्य मागायचं आणि नटाला मात्र ते द्यायचं नाही, याला काय म्हणावं?

मराठी चाहत्यांसाठी २०२५ हे साल वेगळं ठरलं. रोहन कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गेला. तिथे पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि जागतिक कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थेटरात लागला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. गावात लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, शेती करणारा. त्याच्या लग्नाचीही घरच्यांना घाई आहे. निवडुंगाची ती लाल फळं बाळ्या काटे काढून आनंदला खायला देतो. या चित्रपटाला ‘बीएल’ म्हणणं दिग्दर्शकावर अन्याय होईल. त्यात गिटार नाही, गुलाबी प्रकाश नाही. पण थाई मालिका पाहून तयार झालेल्या नजरेला त्यातली प्रत्येक शांतता कळते. आणि आनंदची आई! तिला ठाऊक आहे. सुतकाच्या घरात, चार नातेवाइकांच्या घोळक्यात, गाजावाजा न करता ती मुलाच्या बाजूनं उभी राहते. मराठी पडद्यानं अशी आई क्वचितच दाखवली आहे.

पडद्याबाहेर काय? तैवाननं २४ मे २०१९ पासून असे विवाह कायदेशीर केले, थायलंडनं २३ जानेवारी २०२५ पासून. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातला संमतीनं ठेवलेल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला आणि तो विषय संसदेचा ठरवला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अशा जोडप्याला बँकेत जोडखातं उघडायला आडकाठी नाही, आणि रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातले मानावं. रेशन कार्ड ही फार रोमँटिक वस्तू नव्हे. पण शिरो आणि केंजीच्या घरी जपानमध्ये विवाहाचा कायदा नाहीच, हे ‘काल काय जेवलास?’ पाहणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला या कागदाची किंमत कळते.

इयरफोन लावून मालिका पाहणाऱ्यांत फक्त हौशी मुली नसतात. त्यात एखादा असा मुलगाही असतो, ज्याच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं आहे. तो घरात कुणाला काही बोललेला नाही. त्याची बहीणही याच मालिका पाहते, पण शेजारच्या खोलीत, वेगळे इयरफोन लावून. एकच मालिका दोघांनी एकत्र पाहिली, तर निदान विषय तरी निघेल.

ज्यांना पाहावंसं वाटतंय, त्यांनी सुरुवात ‘काल काय जेवलास?’पासून करावी. भूक लागेल, एवढाच धोका. हलकंफुलकं हवं असेल तर जपानचीच २०२० ची ‘चेरी मॅजिक’ आहे. तिशीपर्यंत ब्रह्मचारी राहिलेल्या आदाचीला समोरच्याला स्पर्श करताच त्याच्या मनातलं ऐकू येऊ लागतं, आणि ऑफिसातला सर्वांत देखणा सहकारी मनातल्या मनात त्याच्यावरच झुरतोय हे कळतं! रडायची तयारी असेल तर तैवानचा २०२० चा ‘युअर नेम एन्ग्रेव्ड हिअरइन’, लष्करी कायदा नुकताच उठलेल्या दिवसांतला. थायलंडची २०२२ ची ‘किन-पोर्श’ मात्र माफियांची आहे, आणि बरीच मोकळीढाकळी. ती घरातल्या टीव्हीवर, आजीसमोर लावू नये.